विकत आणलेल्या मधमाश्या चावऱ्या निघाल्या? पेटी परत करण्याआधी हे तपासा

जून संपत आला की फोन सुरू होतात. "दादा, पेटी घेऊन जा. पैसे नकोत, फक्त घेऊन जा." मी पेट्या विकत नाही. पण जावळी खोऱ्यात सातेरी, म्हणजे आपली पेटीत पाळायची देशी मधमाशी, पाळता पाळता केस पांढरे झाले, त्यामुळे कुणाच्या माश्या बिघडल्या की निरोप माझ्याकडे येतो. जाऊन बघितलं की दहातल्या सात-आठ ठिकाणी माश्यांचा स्वभाव ठीकच असतो, दुसरंच काहीतरी बिनसलेलं असतं. उरलेल्या दोन-तीन पेट्या खरंच तामसी असतात आणि त्यांचं मूळ बहुतेक वेळा खरेदीच्या दिवशीच सापडतं.

खाली लिहिलंय ते मुख्यतः सातेरीबद्दल. मेलिफेराचं (बाहेरून आलेली, इटालियन म्हणतात ती माशी) जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगतो.

लक्षणं

यातली तुमच्याकडे कोणती दिसतात ते आधी कागदावर लिहून काढा.

- पेटीपासून दहा-पंधरा फुटांवर नुसतं उभं राहिलं तरी एखादी माशी तोंडाभोवती घिरट्या घालते, कपाळावर येऊन आपटते.
- झाकण उचलताच माश्या आतल्या, पोळी धरणाऱ्या लाकडी चौकटींवरून उसळून वर येतात, बुरख्याच्या जाळीवर चिकटतात.
- पेटी बंद करून निघालात तरी शंभर पावलं मागे येतात.
- दारात माश्यांचीच आपसात झटापट चालते, खाली मेलेल्या माश्या पडतात.
- पेटीतून सारखा कण्हल्यासारखा आवाज येतो.
- महिनोन्‌महिने शांत होत्या, अमुक दिवसापासून अचानक फिरल्या.
- चावत नाहीत, पण एका सकाळी पेटी रिकामी.

शेवटचं लक्षण इथे कशाला, असं वाटेल. सातेरीला जे सोसत नाही त्यावर ती दोनच गोष्टी करते, चावते किंवा निघून जाते. कारणं जवळजवळ तीच असतात. लक्षणापुढे दोन गोष्टी आवर्जून लिहा: कधीपासून, आणि दिवसाच्या कोणत्या वेळी. निम्मं निदान तिथेच होतं.

आधी स्वतःकडे बघा

याला एक पैसा लागत नाही, म्हणून पहिलं हेच. काळा टी-शर्ट, लोकरी टोपी, अत्तर, डोक्याला वासाचं तेल, अंगाला घाम. यातलं काय होतं? पेटी कधी उघडलीत? ढगाळ हवेत, वारा सुटलेला असताना किंवा दिवेलागणीला उघडली असेल तर बाहेर जाणाऱ्या सगळ्या जुन्या माश्या घरात होत्या. चावतात त्या याच. नव्याने जन्मलेली माशी चावत नाही, ती आतलं काम करते. स्वच्छ उन्हात दहा-अकराच्या सुमाराला पेटी उघडली की म्हाताऱ्या माश्या फुलांवर गेलेल्या असतात आणि तीच पेटी वेगळी वाटते.

एक काटा बसला की पुढचे का बसतात, हेही इथेच सांगून टाकतो. काट्याबरोबर माशी एक वास सोडते, साधारण पिकलेल्या केळ्यासारखा. इतर माश्यांना ती हाकाटी असते. म्हणून काटा नखाने लगेच खरवडून काढा, चिमटीत धरू नका, आणि त्या जागेवर धूर द्या. ज्या हातमोज्यात काटे अडकलेत ते न धुता पुन्हा घातलेत तर पेटीला भांडणाचं आमंत्रण देऊनच तुम्ही झाकण उचलता. मी एकाकडे गेलो होतो, त्याच्या चामड्याच्या मोज्यांत मोजून एकतीस काटे होते. मोजे धुतले, पुढच्या वेळी निम्मा त्रास गेला.

दहा मिनिटं बसून बघा

पेटीच्या बाजूला बसा, दारासमोर नाही. दारात येणाऱ्या माश्यांच्या मागच्या पायांवर पिवळे-केशरी परागाचे गोळे दिसतात का? भरपूर दिसत असतील तर आत पिल्लं आहेत आणि बहुधा राणीही आहे. गोळे नाहीत, माश्या दाराशी रिकाम्या फिरतायत, बाहेरून आलेल्या माश्या फटींचा वास घेत घिरट्या घालतायत, तर लूट चालू आहे किंवा होऊ घातली आहे. लुटली जाणारी पेटी कुणालाही चावते. दार एका वेळी एकच माशी जाईल इतकं लहान करा, झाकणाच्या फटी चिखलाने किंवा शेणाने बुजवा. सातेरीच्या शेजारी मेलिफेराच्या पेट्या मांडल्या असतील तर ही लूट हमखास होते आणि दुबळी बाजू सातेरीचीच असते. दोन्ही एका बांधावर ठेवू नका.

जागा

पेटी कुठे ठेवलीय ते फोनवर सांगताना सगळे "झाडाखाली, सावलीत" एवढंच सांगतात. जाऊन बघावं तर घोड्याचा, म्हणजे पेटीखालच्या तिवईचा, एक पाय विहिरीच्या पंपाच्या चौथऱ्यावर. मोटर सुरू झाली की तळपाट थरथरतोय. मालक बिचारा दोन महिने राणीला दोष देत होता. पेटी वीस फूट लांब न्यायला सांगितलं आणि त्यातच माझी चूक झाली. ती आधी सांगतो.

वीस फूट हलवली तर बाहेर गेलेल्या माश्या जुन्या जागी परत येतात, घर सापडत नाही, तिथे गोळा होऊन चिडतात. हलवायचं तर रोज दोन-तीन फूट सरकवा, नाहीतर एकदम दोन-तीन किलोमीटर लांब नेऊन पंधरा दिवसांनी परत आणा. हलवायची ती रात्री, दार जाळीने बंद करून.

जागेत बघायचं ते असं: उडण्याची वाट माणसांच्या किंवा जनावरांच्या वाटेवर नको. दारापुढे सहा-सात फुटांवर कुंपण किंवा झुडूप असलं की माश्या आपोआप डोक्यावरून उंच उडतात. अंगणात चावण्याच्या निम्म्या तक्रारी एवढ्यानेच मिटलेल्या मी पाहिल्यात. सकाळचं ऊन, दुपारची सावली, जवळ उथळ पाणी. रात्री बल्ब दारासमोर जळत नको.

आणि नुकतीच आणली असेल तर आठ-दहा दिवस तिला हातच लावू नका. जीपमध्ये घाटातून खडखडत आलेली वसाहत दुसऱ्याच दिवशी "बघू तरी" म्हणून उघडायची, हा नव्या माणसाचा ठरलेला गुन्हा. मीही केलाय.

भूक

जूनचे फोन बहुतेक याच कारणाचे. सह्याद्रीत फेब्रुवारी ते मे हा मधाचा मुख्य हंगाम. जांभूळ, हिरडा, गेळा एकामागून एक फुलतात. तेव्हा माशीला भांडायला वेळ नसतो. पाऊस लागला की फुलंही नाहीत आणि उडायलाही मिळत नाही. त्यात मे महिन्यात मालकाने मध काढून घेतलेला. उपाशी घर चिडकंच असतं, माणसाचं काय नि माशीचं काय.

तपासायला पेटी उघडावीही लागत नाही. मागच्या बाजूने एका हाताने दोन बोटं उचलून बघा. रिकामी पेटी कशी लागते ते हाताला एकदा कळलं की विसरत नाही. हलकी लागली तर साखर आणि पाणी समभाग, पाणी उकळून त्यात साखर विरघळवायची, गार करायचं आणि वाटीभर पाक संध्याकाळी पेटीच्या आत द्यायचा. वर काटक्या तरंगत ठेवा, नाहीतर माश्या बुडतात. एक दिवसाआड, वजन येईपर्यंत. पाक बाहेर सांडला तर तोच लुटीला आवतण देतो. गूळ नको, त्याने हगवण लागते. बाजारातला मध तर मुळीच नको, दुसऱ्याच्या पेटीतला रोग त्यातून येतो.

चार-पाच वेळा पाक दिल्यावर माश्या निवळल्या तर पुढचं काही वाचायची गरज नाही.

रात्री कोण येतं?

सकाळी माश्या जास्त चिडलेल्या, दुपारी बऱ्या, असं असेल तर रात्रीचा पाहुणा शोधा. घोड्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत आहेत का? वाट्या कोरड्या पडल्या की मुंग्या चढतात आणि रात्रभर माश्यांची झोप उडवतात. दिवसा गांधीलमाशी दाराशी टपून माश्या उचलते. ती दिसली तर फळीने मारा आणि जवळपास तिचं घर आहे का बघा. झाकणाखाली पाल, तळाशी मेणकिड्याची जाळी. हे सगळं हाताने साफ करायचं काम आहे, खर्च शून्य. वेडा राघू तारेवर बसून माश्या खातो, त्याला मात्र राहू द्या, भरलेल्या पेटीला त्याने काही होत नाही.

आता पेटी उघडा: राणी आहे का?

इथपर्यंत काही सापडलं नसेल तरच. धुराडं (माश्यांना धूर द्यायचं भांडं) नीट पेटलेलं, धूर गार आणि पांढरा, दारातून दोन-तीन हलके झोत, मग दोन मिनिटं थांबा. उघडण्याआधी पेटीवर बोटाने टिचकी मारा. सातेरी एकसाथ "स्स्स" करून गप्प होते. आवाज उठून लगेच विरला तर बहुधा सगळं ठीक. विरतच नाही, कण्हत राहतो, तर राणी नसल्याची शंका घ्या.

राणी शोधत बसू नका, नव्या माणसाला ती दिसत नाही आणि तेवढ्या वेळात माश्या खवळतात. अंडी शोधा. मधली एखादी चौकट उचला, सूर्याकडे पाठ करा म्हणजे ऊन पोळ्यातल्या घरांच्या तळाशी पडेल. तळाशी तांदळाच्या कणीहून बारीक पांढरी काडी उभी दिसेल. पहिल्या दिवशी उभी, दुसऱ्या दिवशी कलती, तिसऱ्या दिवशी आडवी. एका घरात तळाच्या मध्यावर एकच अंडं असेल तर राणी तीन दिवसांपूर्वीपर्यंत नक्की होती. चौकट जपून परत ठेवा आणि पेटी बंद करा, कारण राणीचं उत्तर मिळालं.

एका घरात दोन-तीन अंडी, तीही भिंतीला चिकटलेली, आणि कामकरी माश्यांच्या घरांवर फुगलेली झाकणं. ही राणी गेल्याची आणि कामकऱ्यांनीच अंडी घालायला सुरुवात केल्याची खूण. त्या अंड्यांतून फक्त नर निघतात. सातेरीत हे मेलिफेरापेक्षा फार लवकर होतं. (नराच्या झाकणाला मध्ये टाचणीएवढं भोक असतं, ते सातेरीचं नेहमीचंच, त्याला घाबरू नका.) अशा पेटीला नवी राणी दिली तर बहुतेक वेळा मारून टाकतात. ती पेटी दुसऱ्या जोमदार पेटीत मिसळणं हाच शहाणपणा. एकावर एक ठेवलेल्या दोन पेट्यांच्या कोठ्यांमध्ये वर्तमानपत्राचा एक कागद, त्याला टाचणीने चार भोकं. कागद कुरतडून होईपर्यंत वास एकमेकींचे होतात.

अंडीही नाहीत आणि फुगलेली झाकणंही नाहीत, म्हणजे राणी नुकतीच गेली असेल. दुसऱ्या शांत पेटीतली अंड्यांची एक चौकट, माश्या झटकून, मधोमध द्या. चौथ्या-पाचव्या दिवशी बघा. राणीची लोंबती घरं बांधली असतील तर राणी नव्हती आणि आता होईल.

विकत आणलेल्या पेट्यांत राणी नसण्याचं प्रमाण मला नेहमी जास्त दिसतं. कारण साधं आहे. घाईघाईने केलेल्या वाटणीत राणी एका भागात जाते, आणि विकला जातो दुसरा. प्रवासात चौकटी सैल राहिल्या तर राणी दोन पोळ्यांत चेंगरते.

पिल्लं नीट आहेत का?

चौकट हातात आहे तेवढ्यात पिल्लांकडे बघा. निरोगी अळी मोत्यासारखी पांढरी, घराच्या तळाशी कोयत्यासारखी वळलेली. उघड्या घरात ताठ उभी, डोकं वर केलेली, पिवळट अळी दिसली आणि चिमट्याने ओढल्यावर पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी सबंध बाहेर आली, तर तो थाई सॅकब्रूड. १९९१-९२ साली या विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती होत्याच्या नव्हत्या केल्या. त्यावर औषध नाही. चौकटी दुसऱ्या पेटीत फिरवू नका, हत्यारं विस्तवावर तापवा आणि तज्ज्ञाला विचारा. हा घरगुती इलाजाचा विषय नाही.

विकणाऱ्याला फोन

आता पेटीची जन्मकथा विचारायची वेळ. फोन फुकट असला तरी हे मी इतकं खाली ठेवलंय, कारण आधीच फोन केला की भांडण होतं आणि पंपाची थरथर तशीच राहते.

चौकटीतली पोळी बघा. तारेवर किंवा मेणपत्र्यावर सरळ बांधलेली, जुनी, तपकिरी असतील तर वसाहत पेटीतलीच. पोळ्याला दोरा किंवा केळीचं सोपट गुंडाळलेलं, पोळं चौकटीत कापून बसवलेलं, कडेला अजून जोडलेलं नाही, तर ती जंगलातून किंवा भिंतीतून नुकतीच धरून आणलेली. धरलेली वसाहत वाईटच असते असं नाही, माझ्या सुरुवातीच्या पेट्या तशाच होत्या. पण ती पेटीला सरावलेली नसते, चिडते आणि पळते. विकणाऱ्याने तसं सांगून विकली असेल तर त्याचा दोष नाही. "दोन वर्षांची पेटी" म्हणून विकली असेल तर बदलून मागा. मला एकदा एकाने अशा सहा दिल्या, महिनाभरात चार उडाल्या. पेटीमागे थोडे पैसे वाचवले होते, त्याचं हे फळ.

मग विचारा: राणी केव्हाची? जुनी राणी माश्या स्वतःच बदलतात, आणि नवी राणी हवेत उडून अनेक नरांशी मीलन करते. ते नर शेजारच्या पेट्यांतले आणि रानातल्या पोळ्यांतलेही असतात. कामकऱ्यांचा स्वभाव आई आणि या बापांकडून येतो. म्हणून दोन वर्षं गरीब असलेली पेटी एखाद्या मोसमात फिरते. फसवलं कुणीच नाही, राणी बदलली.

शेवटचा उपाय: राणी बदलणं

भूक नाही, लूट नाही, जागा चांगली, राणी हजर, पिल्लं निरोगी, आणि भर फुलोऱ्यातही वेगवेगळ्या तीन दिवशी उघडून माश्या शंभर पावलं पाठलाग करतायत. मगच म्हणायचं की स्वभावच तामसी. तामसी राणी काढून शांत पेटीतली राणी पिंजऱ्यातून द्यायची. जुन्या कामकरी मरून नव्या राणीच्या लेकी भरायला सहा ते आठ आठवडे लागतात, तोवर फरक दिसत नाही म्हणून हातघाईवर येऊ नका. मेलिफेरात हे बऱ्यापैकी सरळ जमतं. सातेरीत राणी काढली की वसाहत पळण्याची किंवा कामकऱ्यांनी अंडी घालण्याची भीती असते, म्हणून पहिल्यांदा करताना अनुभवी मधपाळ शेजारी उभा हवा.

इथे थांबा, माणूस बोलवा

काटा बसल्यावर अंगभर पित्त उठलं, ओठ किंवा जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, श्वास लागला, चक्कर आली, तर कांदा-चुना लावत बसू नका. १०८ ला फोन करा, दवाखाना गाठा. ज्याला एकदा असं झालंय त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय पुन्हा पेटीजवळ जाऊ नये. लहान मूल किंवा म्हाताऱ्या माणसाला खूप काटे बसले तर लक्षणं नसतानाही दाखवून आणा.

झाडाच्या उंच फांदीला, कड्याला किंवा इमारतीला एकच मोठं उघडं पोळं लोंबतंय, तर ते आग्यामाशीचं. ती पेटीतली माशी नाही. वरच्या सगळ्या गोष्टी तिला लागू नाहीत. लांब राहा, धूर-दगड काही नको.

शाळा, मंदिर किंवा रस्त्यालगतची पेटी लोकांना चावू लागली, थाई सॅकब्रूडची शंका आली, किंवा दोनदा राणी देऊनही फरक नाही, तर महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, पुण्याला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. तिथे विचारा. रॉकेल टाकून पेटी जाळू नका, संतापाच्या भरात लोक हे करतात.

पुढची पेटी घेताना

पहिली गोष्ट, कोणती माशी घेताय ते ठरवा. घाटमाथ्यावर एका जागी पेटी ठेवायची असेल तर सातेरी. मेलिफेरा शांत आणि जास्त मध देणारी खरी, पण तिला फुलांमागे फिरवावं लागतं. सूर्यफूल, मोहरी, डाळिंब, कांद्याचं बियाणं. कोयनेच्या पावसात एका जागी ठेवलेली मेलिफेरा पाकावर जगवावी लागते. "इटालियन, अजिबात चावत नाही" म्हणून ती डोंगरात खपवणारा विक्रेता तुमचा नाही.

दुसरी, विक्रेत्याकडे एप्रिलमध्ये जाऊ नका. भर हंगामात कुणाच्याही माश्या गरीब असतात, तुम्हाला दिसतो तो हंगामाचा स्वभाव. सप्टेंबरात जा, फुलं कमी असताना. त्याला तुमच्यासमोर पेटी उघडायला सांगा आणि तो किती धूर मारतो ते बघा. एवढ्या धुरात आमच्या आळीतला कुत्राही शांत होईल, असं वाटलं तर दुसरी पेटी उघडायला सांगा, धूर कमी. अंडी दाखवायला सांगा. पिल्लांच्या किमान तीन-चार चौकटी, मध-परागाची एखादी, पोळी चौकटीला जोडलेली. मे अखेरीस स्वस्तात निघालेल्या पेट्यांत पावसाळ्याचा पाक तुमच्या गळ्यात पडतो, हेही किमतीत धरा.

आणि त्याच्या पेट्या कुठे मांडल्यात ते बघा. मी ज्याच्याकडून आता घेतो त्याच्या घराच्या पडवीतच चार पेट्या आहेत. दारापासून सहा फुटांवर. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याची आई त्याच पडवीत, पेटीला पाठ लावून, गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. मी आणखी काही विचारलं नाही.